मिलो आणि सुकडी : बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची ज्वारी जालन्याच्या ताटात कशी आली?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जुन्या माणसांपुढे बहात्तरच्या दुष्काळाचा विषय काढा, दोन शब्द हमखास ऐकू येतील : मिलो आणि सुकडी. यातली मिलो थेट अमेरिकेहून आली होती.

मिलो म्हणजे काय?

मिलो ही ज्वारीच आहे, फक्त लालसर दाण्याची. ज्वारीचे मूळ आफ्रिकेत. भारतात ती हजारो वर्षांपासून आहे, अमेरिकेत मात्र गेल्या दोन-तीन शतकांत पोहोचली. टेक्सास, कॅन्सस अशा कमी पावसाच्या राज्यांत ती चांगली रुजली. पण तिथे तिची भाकरी कोणी केली नाही. ती मुख्यतः जनावरांना आणि कोंबड्यांना घातली जाई.

ती इकडे का आली?

१९५४ साली अमेरिकेने पीएल-४८० हा कायदा केला. जास्तीचे धान्य मित्रदेशांना सवलतीत देण्याची ही सोय होती. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला आणि रेशनवर अमेरिकन गहू दिसू लागला. १९७१ अखेर ही सवलत थांबली आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने दगा दिला. सरकारने परदेशातून रोखीने धान्य घेतले, त्यात मिलो होती. तेव्हा जालना जिल्हा नव्हता. जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड औरंगाबादेत आणि परतूर परभणीत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत आणि माती उपसत होते.

भाकरी का जमेना?

ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते. पीठ ताजे असले की जिगट येतो. धान्य किंवा पीठ जुने झाले की भाकरी थापताना तडे जातात. मिलो तर बोटीने येऊन, गोदामात राहून गावात पोहोचायची. वरून लाल साल, त्यामुळे भाकरी काळपट. पांढऱ्याशुभ्र शाळूची सवय असलेल्या माणसांना ती घशाखाली उतरेना. त्यात ‘हे तर तिकडचं जनावरांचं खाद्य’ ही बोच. पोषणात मिलो इतर ज्वारीपेक्षा फार वेगळी नाही, पण अन्नाबरोबर मानही लागतो.

अशा पिठावर जुना उपाय म्हणजे उकड : उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकायचे आणि गरम असतानाच मळायचे. तेही जमले नाही तर कण्या. दाणे जाडसर भरडून, पीठ चाळून, चौपट उकळत्या पाण्यात मीठ घालून शिजवायचे. ताक किंवा ठेच्याबरोबर खायचे.

आणि सुकडी?

दुष्काळी कामांवर पूरक आहार म्हणून सुकडी वाटली जाई. पीठ, तेल आणि गूळ किंवा साखर यांचा हा कोरडा, गोड, टिकाऊ खाऊ. १९७५ मध्ये अंगणवाड्या सुरू झाल्यावर पुढच्या पिढीलाही सुकडी परिचयाची झाली. घरी करायची तर दोन वाट्या गव्हाचे पीठ तेलात किंवा तुपात खमंग भाजावे, आच बंद करून एक वाटी किसलेला गूळ मिसळावा, ताटात थापून वड्या पाडाव्यात.

पोत्यातली मिलो गेली, बियाण्यातली राहिली

ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. त्यामुळे संकर करायचा तर प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने काढावे लागत. टेक्सासमधील स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलोला मादी धरून तिचा ‘काफिर’ या दुसऱ्या ज्वारीशी वारंवार संकर केला. त्यातून परागच न देणारी झाडे मिळाली. हे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच एका अमेरिकन मादी वाणापासून भारतात सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी तयार होऊन १९६४ मध्ये आली. शेतकऱ्यांच्या तोंडी ती झाली ‘हायब्रीड’.

त्याच १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे जालना बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले आणि आसपासच्या शेतकऱ्यांना सीड प्लॉटचे उत्पन्न मिळाले. बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

म्हणजे दुष्काळात नकोशी झालेली मिलो आठ वर्षे आधीच बियाण्याच्या वाटेने शिवारात शिरली होती. हायब्रीडने खरिपाचा उतारा वाढवला, पण चवीचा मान रब्बीच्या मालदांडीकडेच राहिला. आज खरिपाच्या ज्वारीचा मोठा वाटा इथेही पशुखाद्य आणि कोंबडीखाद्यात जातो. भाकरीसाठी गिऱ्हाईक अजून शाळूच मागते.