वर्ध्याचे ऊन

वर्धा जिल्ह्यात कोणी नव्याने राहावयास आला की गावकरी प्रथम विचारतात ते उन्हाविषयी. ‘सोसते का हो?’ या प्रश्नात थोडी सहानुभूती असते आणि थोडी परीक्षाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. ज्याला विदर्भात नवतपा म्हणतात, त्या नऊ दिवसांत भर दुपारी रस्ते ओस पडतात. मग मृगाची वाट पाहावयाची. पाऊस आला तर असा येतो की काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो. आणि रुसला तर कोवळ्या कपाशीला तीन-तीन आठवडे तोंड दाखवीत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर गारपिटीने विदर्भ-मराठवाड्यातील हातातोंडाशी आलेली पिके झोडपून काढली. समुद्रकाठी वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या मुलखाचे प्रेम कसे जडते, हे कोडे पुष्कळ दिवस उलगडत नव्हते.

जन्मभूमीची माया समजण्यासारखी आहे. आईचा स्वभाव कडक म्हणून कोणी तिला टाकीत नाही. परंतु दुसरीकडे राहण्याची सोय असताना ज्यांनी हे ऊन आपले म्हटले, त्यांची कथा निराळी आहे.

१९३० साली दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याखेरीज साबरमतीच्या आश्रमात परतणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्यास आले. विनोबा १९२१ पासून येथेच होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालालजींच्या बागेतील मगनवाडीत त्याचा संसार मांडला गेला. गांधीजींना मात्र शहराजवळ राहून खेड्यांची सेवा करणे मानवेना. ३० एप्रिल १९३६ रोजी ते पाच-साडेपाच मैलांवरील शेगाव या लहानशा खेड्यात राहावयास गेले. वर्षातले सर्वांत कठीण दिवस निवडूनच गेले, असे म्हणावयास हरकत नाही! याच गावाचे नाव १९४० साली ‘सेवाग्राम’ झाले, कारण बुलढाण्याकडील शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई.

झोपडी शंभर रुपयांच्या आत, स्थानिक सामानाने आणि गावातल्या हातांनी बांधली जावी, अशी त्यांची अट होती. हे सर्व उभे करण्यात पुढाकार होता मीराबेन यांचा. इंग्रज नौदलाधिकाऱ्याची ही कन्या. पुढे ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध झालेले घर मुळात तिचे. ते नीट पाहिले म्हणजे उन्हाशी भांडण न करता त्याच्याशी समझोता कसा करावा हे कळते. मातीच्या जाड भिंती, वर बांबू आणि कवेलू, खाली उतरलेले छप्पर, सभोवती ओसरी. मातीच्या भिंतींवर मीराबेनने झाडे, मोर आणि चरखा कोरला. यात नवे असे काहीच नव्हते. शेगावच्या कुणब्यामहारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलेच ते शहाणपण होते. फक्त कोणी मोठ्या माणसाने त्यांच्याकडून शिकण्याची ही वेळ होती.

तरी या प्रेमाची किंमत लहान नव्हती, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गांधीजींना मलेरिया झाला व त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. मीराबेनला विषमज्वराने गाठले. महादेवभाई देसाई मगनवाडीहून रोज चालत शेगावला येत आणि संध्याकाळी परत जात. दोन्ही वेळचे मिळून अकरा मैल, तेही वर्ध्याच्या उन्हात. त्यांची प्रकृती खालावली ती येथेच. स्वतः गांधीजीही १९३७ मध्ये तिथलला आणि १९४४ मध्ये पाचगणीला विश्रांतीसाठी गेले. यात मला उणेपणा दिसत नाही. रूथच्या पुस्तकातील अलिमलेखाचे कुटुंबही बेथलेहेमात दुष्काळ पडला तेव्हा मवाबात गेले होते. विधवा नामी परतली, आणि तिच्याबरोबर आली ती परकी सून. तिने मात्र तेथले शेत आणि तेथली माणसे आपली मानली.

अशा परक्या सुना वर्ध्याला बऱ्याच लाभल्या. सिमल्याच्या थंड हवेत राहणाऱ्या राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती घराण्यातल्या. त्या गांधीजींच्या चिटणीस म्हणून सेवाग्रामात राहिल्या. सिलोनचे आर्यनायकम्‌ हेही ख्रिस्ती; १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नयी तालीमचे काम त्यांनी आणि आशादेवींनी वाहिले. परंतु आपल्या वाचकांनी विशेष ओळख करून घ्यावी ती जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांची. ते कॅथलिक नव्हते, तरी त्यांची ख्रिस्तनिष्ठा आपल्याला लाजवील अशी होती. तंजावर येथे १८९२ साली जन्मलेला, लंडनमध्ये हिशेब तपासनीस झालेला आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस ग्रामोद्योग संघाचा चिटणीस म्हणून मगनवाडीत राहिला आणि हातकागद, तेलघाणी, वनस्पती तेलाचा दिवा असल्या गोष्टींत रमला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी प्रभू येशूच्या शिकवणुकीवर एक पुस्तक लिहिले आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर दुसरे.

कुमारप्पांचा एक विचार या जिल्ह्याला थेट लागू पडतो. शेतकऱ्याने प्रथम घरच्या अन्नाची, चाऱ्याची आणि वस्त्राची पिके घ्यावीत, मग बाजारासाठी. निव्वळ पैशाच्या पिकावर गाव उभे करू नये, असे ते सांगत. हिंगणघाटचा कापूस फार पूर्वीपासून नावाजलेला, तेव्हा कपाशीला नावे ठेवणे येथे कोणाला रुचावयाचे नाही. पण कोरडवाहू वावरात ज्वारी, तूर, कपाशी शेजारी शेजारी असली की पाऊस एकावर रुसला तरी दुसरे काही हाती लागते. सारे एका पिकावर आणि कर्जाच्या बियाण्यावर टाकले की पावसाचा एक खंड घर बुडवतो. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. तोवर कित्येक घरांतला कर्ता गेलेला होता. हवामान तर जुनेच होते. माणसाची आखणी बदलली होती. अशा घरातील विधवेपुढे मातीच्या प्रेमाचे प्रवचन देण्याचे धैर्य माझ्यात नाही.

१९६२ साली चांद्याचा सीरो-मलबार धर्मविभाग स्थापन झाला आणि वर्धा जिल्हा त्यात आला. केरळच्या हिरव्यागार, पावसाळी गावांतून धर्मगुरू आणि धर्मभगिनी या काळ्या मातीत उतरल्या. त्यांतले काहीजण आता येथल्याच मातीत विसावले असतील.

गांधीजींनी २५ ऑगस्ट १९४६ रोजी सेवाग्राम सोडले ते दिल्ली, नोआखाली, बिहार, कलकत्ता असे फिरत राहिले. १९४८ च्या फेब्रुवारीत सेवाग्रामला यावे असे त्यांनी ठरविले होते. ३० जानेवारीला ते गेले. त्यांच्या सहकाऱ्यांची बैठक मार्चमध्ये त्यांच्यावाचून तेथे भरली. ऊन चढू लागले होते. १९३६ साली त्यांनी स्वतः लावलेल्या पिंपळाला तेव्हा बारा वर्षे होत आली होती. तो अजून आश्रमाच्या अंगणात सावली देत उभा आहे.