एका जिल्ह्याच्या नावाची लांबी किती? पायथन २ ते पायथन ३ : एका स्थित्यंतराचा इतिहास

१/ वऱ्हाडच्या कापसासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वे उभी राहिली. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुंबईच्या मुख्य मार्गाचे १६७६. एकाचा डबा दुसऱ्यावर धावू शकत नसे. माल मूर्तिजापुरात उतरवून पुन्हा चढवावा लागे.

२/ ३ डिसेंबर २००८ रोजी संगणकविश्वातही असेच गेज बदलले. त्या दिवशी पायथन ३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पायथन २ मधील जुने प्रोग्राम तीत जसेच्या तसे चालतील, ही हमी तिच्या कर्त्यांनी जाणीवपूर्वक सोडली होती.

३/ या निर्णयामागील एक प्रमुख कारण म्हणजे लिपी. पायथन २ साधा मजकूर बाइटमध्ये मोजे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून ‘यवतमाळ’ची लांबी १८ भरे. पायथन ३ मध्ये ती ६ आहे : य, व, त, म, काना, ळ.

४/ हेच नाव रोमन लिपीत लिहिले, तर दोन्हीकडे उत्तर ८ येते. त्यामुळे इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा दोष सहसा जाणवत नसे. मराठी मजकूर मात्र दहाव्या बाइटवर कापला, की अक्षराचाच तुकडा पडे.

५/ पण हजारो जुन्या प्रोग्रामचे काय? हा भार पॅकेज बांधणाऱ्यांवर आला. डेबियनच्या स्वयंसेवकांनी एकाच लायब्ररीची दोन पॅकेजे ठेवली : एक ‘पायथन-’ या उपसर्गाची, दुसरे ‘पायथन३-’ची. दोन्ही एकाच संगणकावर नांदत. दोन्ही आवृत्त्यांत चालणारा प्रोग्राम लिहिता यावा म्हणून ‘सिक्स’ ही लायब्ररी आली. नावामागचे गणित सोपे : दोन गुणिले तीन.

६/ नोव्हेंबर २०१६ मधील पिप ९ पासून इन्स्टॉल करणारे साधनच पॅकेजवरील अट वाचू लागले : ‘पायथनची अमुक आवृत्ती हवी’. अट जुळत नसेल, तर ते जुळणारे जुने पॅकेज शोधी.

७/ पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपणार होता; स्थलांतर रेंगाळल्याने ती मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढली. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये पायथन २ उरलेच नाही.

८/ मूर्तिजापुरातील चढउतार हमालांच्या खांद्यावर होती. पायथनची ही चढउतार पॅकेज बांधणाऱ्यांनी दशकाहून अधिक काळ वाहिली. त्यांच्या या श्रमामुळेच जुने प्रोग्राम बंद न पडता देवनागरीला नव्या मार्गावर पूर्ण अक्षरांनिशी जागा मिळाली.