येरवड्यातला 'व' जाड करून दाखवा

आजच्या भागाची सुरुवात एका फजितीतून झाली. या भागाचं कव्हर मला जुन्या पाट्यांसारखं हवं होतं. जाडजूड, गुबगुबीत, जराशी तिरकी अक्षरं. शोधता शोधता 'श्रीखंड' नावाचा फॉन्ट सापडला. म्हटलं, वा, नावच आपलं! त्यात 'येरवडा' टाइप केलं, तर अक्षरं उमटली भलत्याच किडकिडीत फॉन्टमध्ये. कारण श्रीखंडमध्ये गुजराती आहे, रोमन आहे, देवनागरी नाहीच. जॉनी पिनहॉर्न या डिझायनरनं गुजरातच्या रस्त्यांवरची हातानं रंगवलेली अक्षरं बघून तो केलाय.

मग आपल्या अक्षरांचं काय? म्हणून गुंजन चौकातून लक्ष्मीनगरपर्यंत पाट्या बघत चालत गेलो. येरवड्याला छपाई नवी नाही, इथल्या जेलचं सरकारी मुद्रणालय आहेच. पण सरकारी कागदावरच्या अक्षराला ओरडावं लागत नाही. चौकातल्या अक्षराला लागतं. आणि ओरडताना आपलं अक्षर अडचणीत येतं. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर अक्षरं इतकी फुगवली होती की 'व'चं पोट बुजून गेलं होतं. आता बघा, 'व'च्या पोटात रेघ मारली की 'ब' होतो. पोटच उरलं नाही तर वाचणाऱ्यानं काय वाचायचं? येरवडा की येरबडा?

इंग्रजीत हे सोपं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिराती वाढल्या, तेव्हा तिथल्या टाइप पाडणाऱ्यांनी उभ्या रेघा बेदम जाड केल्या आणि आडव्या केसासारख्या बारीक ठेवल्या. त्या टाइपला 'फॅट फेस' म्हणतात. YERWADA असं रोमन लिपीत लिहिलं तर सात सुटी अक्षरं, हवी तेवढी फुगवा. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरांची गर्दी. 'लक्ष्मीनगर'मधला 'क्ष्मी' जाड करून बघा. क, ष आणि म एकमेकांना चिकटलेले, वरून वेलांटी. शाई वाढवायला जागाच नाही.

जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे टाइप नावाजले गेले ते पुस्तकांसाठी. पुस्तकाचं अक्षर डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतं. पोस्टरचं लांबून वाचावं लागतं, म्हणून मोठं शीर्षक बहुतेकदा कुणीतरी हातानं काढायचं आणि मग त्याचा ब्लॉक व्हायचा. मराठीत या कामातलं मोठं नाव म्हणजे कमल शेडगे. 'मत्स्यगंधा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकांची जाहिरातींतली अक्षरं त्यांची. नाटक बदललं की अक्षराचा स्वभावही बदलायचा. 2020 मध्ये ते गेले.

आणि रस्त्यावर होते पेंटर. पेंटर दोन आडव्या रेषा आखून घेतो, खडूनं अक्षरं मांडतो, मग चपट्या ब्रशनं ऑइल पेंट. 'क्ष्मी' आला की तो तिथेच ठरवतो, इथे रेघ थोडी बारीक, इथे म जरा बाजूला. नियम डोळ्यात असतो.

मग कॉम्प्युटर आला. आपल्या पुण्यातच सी-डॅकनं आणि श्रीलिपीवाल्या मॉड्युलर इन्फोटेकनं मराठी कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम केलं. ते नसतं तर मी ही स्क्रिप्टही टाइप करू शकलो नसतो. पण 'बोल्ड'चं बटण हा वेगळा मामला. फॉन्टमध्ये बोल्ड मुळात आखलेलाच नसेल, तर सॉफ्टवेअर अक्षराला सगळीकडून सारखी सूज आणतं. फ्लेक्सवर दिसतो तो बरेचदा हाच प्रकार.

आता खरी मजा. मुंबईच्या एक टाइप या गटानं 'मोदक' नावाचा फॉन्ट केला. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची. सुरुवात हातानं काढलेल्या अक्षरांच्या एका प्रयोगातून झाली. त्यांनी प्रश्न उलटा केला. रेघ जाड करायची म्हणजे पोकळी आक्रसणार, मग पोकळीचीच रेघ करा! मोदकमध्ये अक्षर म्हणजे एक फुगीर गोळा, आणि आतली पांढरी जागा म्हणजे त्यावर ओढलेली बारीक फट. 'व'चं पोट एका चिरेपुरतं उरतं, पण उरतं. याच गटाचा 'बालू' नऊ भारतीय लिप्यांमध्ये आहे आणि नावं तर ऐका: गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, तमिळमध्ये बालू तंबी. कॅथरीन ली श्मिट यांचा 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून आलाय. त्यात चक्क इंग्रजी अक्षरं देवनागरीच्या लेखणीचा कोन उचलतात. हे सगळे फॉन्ट फुकट आहेत.

फुकट, हे मला आवडतं आणि टोचतंही. रस्त्यावरच्या अक्षरांवरून फॉन्ट होतात, पण ती अक्षरं ज्यांनी रंगवली त्यांची नावं बहुतेकदा कुठेच नसतात. दिल्लीच्या हनीफ कुरेशींनी पेंटरांची अक्षरं फॉन्टमध्ये आणली, तेव्हा फॉन्टला नावच दिलं 'पेंटर कफील'. तसं मराठीत व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

शेवटी कव्हर मोदकमध्येच केलं. 'येरवडा' झकास बसलं. 'लक्ष्मीनगर'वर मात्र क्षणभर थांबावं लागतं, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर तर जास्तच. लक्ष्मीनगरच्या एका गल्लीत पत्र्यावर रंगवलेली जुनी पाटी अजून आहे, तिच्यावरचा 'क्ष्मी' मी रस्त्याच्या पलीकडून वाचला. तिचा फोटो खाली टाकलाय. कोपऱ्यात पेंटरची सही होती, पण तिथलाच रंग उडालाय. तुमच्या गल्लीत अशी पाटी असेल आणि सही वाचता येत असेल, तर फोटो नक्की पाठवा.