फेस आणि थंडावा

दिल्लीच्या परिसरात अलीकडे काही घरांतून एक नवे साधन दिसू लागले आहे. शीतकपाटात बीअरचे पोलादी पिंप, शेजारी वायूचे नळकांडे आणि वर तोटी, असा त्याचा थाट असतो. तोटी उघडावी तर पेल्यात पेय थोडे आणि फेसच फार, ही तक्रार उन्हाळ्यात हटकून ऐकू येते. मद्याची भलावण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु या फेसाचे मूळ शोधू लागले की आपण एका जुन्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. उत्तर हिंदुस्थानच्या तापलेल्या मैदानात माणसाने थंडावा मिळवला कसा, आणि तो कोणाच्या वाट्याला आला?

प्रथम फेसाचा स्वभाव पाहू. १७६७ साली इंग्लंडातील लीड्स शहरी जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक एका बीअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर साठणारा वायू त्याने पाण्यात मिसळून पाहिला, आणि १७७२ साली ती कृती प्रसिद्ध केली. आपल्याकडील गोटी सोड्याचा हा पूर्वज होय. तो वायू म्हणजे कार्बन डायॉक्साइड, जुन्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्ल वायू. पुढे १८०३ साली विल्यम हेन्री याने दाखवून दिले की, द्रवात किती वायू विरघळेल हे दाबावर अवलंबून असते. उष्णतेचा परिणाम याच्या उलट होतो. गार द्रव वायूला धरून ठेवतो, तापलेला द्रव त्याला सोडून देतो. पेल्यातील फेस म्हणजे असा निसटून चाललेला वायू.

म्हणूनच या पेयाचा आपल्या देशातील इतिहास हा बव्हंशी थंडाव्याच्या शोधाचा इतिहास ठरला. हा शोध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. तोफेच्या दारूत भडका उडवणारा सोरा अकबराच्या दरबारी पाणी गार करण्यास वापरत, असे अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवले आहे. १५८६ च्या सुमारास दरबार लाहोरला असता उत्तरेकडील डोंगरांतून बर्फही येऊ लागला. तीच विद्या पुढे कंपनी सरकारच्या साहेबांच्या घरी ‘आबदार’ या नोकराच्या हाती आली. मालकाची पेये सोऱ्याच्या पाण्यात गार करणे हे त्याचे काम. १८३३ साली तर बॉस्टनहून गलबतात भरलेला बर्फ कलकत्त्याच्या बंदरात उतरला, आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. थंडावा विकत घेता येई, पण तो ज्याच्या खिशात बळ आहे त्यालाच.

बीअर विलायतेहून पिंपांतून येई, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने उष्ण समुद्रातून. ती येथेच तयार करावयाची तर मैदानातील उष्णता आड येत होती. थंडावा खाली आणता येईना, तेव्हा कारखानाच वर गेला. एडवर्ड डायर याने कसौलीच्या डोंगरावर मद्यनिर्मिती आरंभिली. आजची मोहन मीकिन कंपनी आपली स्थापना १८५५ सालची मानते, ती या उद्योगापासून. १८६० साली मरी येथे दुसरी कंपनी निघाली. सोलनच्या झऱ्यांकाठीही कारखाना गेला. जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा जनरल डायर हा याच एडवर्ड डायरचा मुलगा.

हे चित्र पालटले ते यंत्राने. १८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे याने शीतयंत्र सिद्ध केले, आणि त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते बीअरचे कारखानदार. डोंगराची गरज मग सरली. १९४९ साली डायर मीकिन कंपनी नरेंद्रनाथ मोहन यांच्या हाती आली, आणि पुढे दिल्लीच्या उंबऱ्यावर, गाझियाबादजवळच्या मोहननगरात, भर मैदानात कारखाना उभा राहिला. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाचे लघु-मद्यनिर्मितीगृह निघाले. हे नाव इंग्रज शिपायांनी आपल्या देवळालीचे केलेले रूप होय. गुरुग्राममध्येही अशी गृहे पुष्कळ झाली, आणि तेथली तोटी आता घरातही शिरली.

आता त्या घरगुती तक्रारीकडे वळू. फेस दिसताच बहुतेक लोक दाब कमी करतात. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दाब उतरला की वायू नळीतच सुटू लागतो आणि फेस उलट वाढतो. पिंप तीन-चार अंश सेल्सियसवर असेल तर दर चौरस इंचास बारा पौंडांच्या आसपास दाब सामान्यतः योग्य असतो. तेव्हा पाहावयाचे ते आधी तापमान. कपाटात पाण्याचा पेला ठेवून दुसऱ्या दिवशी त्यातील उष्णता मापावी. केवळ पहिलाच पेला फेसाळत असेल, तर दोष पिंपाचा नसून कपाटाबाहेरच्या हातभर नळीचा व तापलेल्या तोटीचा आहे. प्रत्येक पेला फेसाळत असेल, तर नळी आखूड असल्याने प्रवाह बेफाम धावतो का, हे तपासावे. पाच मिलिमीटर व्यासाची दोन-तीन मीटर नळी त्याला आवर घालते. नळी-तोटी स्वच्छ असावी, तोटी पूर्ण उघडावी, आणि हलवलेले पिंप एक दिवस स्वस्थ राहू द्यावे.

यात विलक्षण असे काही नाही. परंतु विजेची कळ दाबताच मिळणारा थंडावा आपण आयता समजू लागलो आहोत. त्यासाठी डोंगर चढावे लागले, समुद्र ओलांडावे लागले, आणि कितीएक अनाम आबदारांनी सोऱ्याच्या पाण्यात हात गारठवले. तो थंडावा तोटीच्या अलीकडे हातभर जरी तुटला, तरी दिल्लीचा उन्हाळा आपली वसुली पेल्यातच करून घेतो.