अनुदान जमिनीला, उपासमार कुळाला : आर्कान्सासचा कापूसपट्टा, १९३३-३६

१९३३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतकऱ्यांनी एक कोटीहून अधिक एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना रोख मोबदला दिला. रोपांवर पाय पडू न देण्याची सवय लावलेली खेचरे उभ्या पिकात शिरायला तयार होईनात, अशी आठवण त्या पिढीतले लोक सांगत.

या वेडेपणामागे हिशेब होता. १९२९ साली पौंडाला सुमारे १६ सेंट असलेला रुईचा भाव दोनच वर्षांत सहा सेंटांखाली आला होता. १२ मे १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी कृषी समायोजन कायद्यावर सही केली. पेरा कमी करा, सरकार भरपाई देईल. पैसा गिरण्यांवरील करातून येईल. भाव वाढले, हे मान्य करायलाच हवे.

पण पैसा कोणाच्या हाती पडला? आर्कान्सासमधील पॉइनसेट काउंटी पाहा. तिथे जमीन मळेवाल्यांची आणि राबणारी वाटेकरी कुटुंबे, गोरी आणि काळीही. १९३४ च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे पौंडामागे साडेतीन सेंट होते, ते मालकाचे. वर एक सेंट पूरक रक्कम मिळे, त्यातला अर्धा सेंट वाटेकऱ्याचा. करारांची छाननी काउंटी समितीकडे, आणि कापूसपट्ट्यात या समित्यांवर वजन मळेवाल्यांचेच. म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध, न्यायनिवाडाही त्याच्याच मित्रमंडळींकडे!

त्यातही खरी मेख वेगळीच होती. वाटेकऱ्याला अर्धा सेंट तरी द्यावा लागे. रोजंदारीच्या मजुराला काहीच नाही. तेव्हा वाटेकरी काढून मजूर लावणे मालकाला किफायतशीर ठरले. कुळांची संख्या कायम ठेवावी, असे कराराचे सातवे कलम सांगे खरे. पण ‘शक्य असेल तितपत’. एवढ्या एका सवलतीने किती चुली विझल्या असतील!

टायरोन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून २३ कुटुंबांना हाकलण्यात आले. जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ काळे असे १८ जण जमले व त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ स्थापन केली. त्यामागे एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट हे दोन गावकरी होते. एकाचे कपडे धुण्याचे दुकान, दुसऱ्याचा पेट्रोल पंप. अवघ्या १५ वर्षांपूर्वी याच राज्यात, एलेन येथे, संघटना बांधू पाहणाऱ्या काळ्या कुळांची कत्तल झाली होती. म्हणूनच दोन्ही वर्णांनी एका संघटनेत येणे हे केवढे धाडस होते, ते लक्षात येईल.

वॉशिंग्टनमध्ये जेरोम फ्रँक यांच्या विधी विभागाने सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला: केवळ संख्या नव्हे, तीच माणसे टिकवा. फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी ती कारवाई उचलून धरली.

६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. कारण गिरण्यांवरील कर आणि केंद्राच्या अधिकाराची मर्यादा. वाटेकरी त्या वादात नव्हताच. काही आठवड्यांतच मृदसंधारणाच्या नावाने नवा कायदा आला आणि देयके पुन्हा सुरू झाली. अनेक मळ्यांवर त्या पैशातून ट्रॅक्टर आले. १९३० च्या जनगणनेत दक्षिणेत पावणेआठ लाखांच्या आसपास वाटेकरी होते; १९४० मध्ये ते सुमारे ५ लाख ४१ हजार उरले.