नीरेपलीकडचे अ‍ॅडमिरल

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला, आणि आमच्या गटातल्या एका ताईंनी हळूच विषय काढला. त्यांची लेक बारावी सायन्सला आहे. तिला एनडीएची परीक्षा द्यायचीय आणि पसंती लिहायचीय नौदलाची. घरात आजी अडून बसल्यात. आजींचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं, तेव्हापासून पाणी म्हटलं की त्यांना धडकी भरते. "आपण दुष्काळी मुलखातली माणसं, आपला नि समुद्राचा संबंध काय?" असं त्यांचं म्हणणं.

संबंध आहे. म्हणून आज आम्ही एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. बारामतीहून सांगवीवरून नीरा ओलांडली की फलटण तालुका लागतो. त्या तालुक्यात विंचुर्णी नावाचं गाव आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी निवृत्तीनंतर या गावात येऊन राहिले. व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणजे नौदलप्रमुखाच्या खालोखालची पायरी. आपल्यातल्या कितीजणी फलटणच्या बाजाराला जाऊन आल्या असतील, पण ही गोष्ट आम्हालाही बीए होईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात कान्होजी आंग्रे येतात, आणि समुद्राचं पान तिथेच मिटतं.

आवटींचा जन्म 1926 चा, सुरतचा. 'डफरिन' नावाच्या प्रशिक्षण जहाजावर शिकून ते इंग्रजांच्या काळातच, 1945 साली, नौदलात गेले. नौदलात त्यांचं खास शिक्षण झालं ते संदेशवहनाचं. पुढे एकेका जहाजाची जबाबदारी येत गेली.

1971 च्या युद्धात ते 'कामोर्ता' या युद्धनौकेवर होते. आजच्या बांगलादेशाला तेव्हा पूर्व पाकिस्तान म्हणत. जमिनीवर आपलं लष्कर पुढे सरकत होतं, आणि बंगालच्या उपसागरात आपल्या नौदलाने समुद्राची वाट अडवून धरली होती, म्हणजे शत्रूला रसद येऊ नये आणि त्याला पळूनही जाता येऊ नये. 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून विमानं उडून चितगाव, कॉक्स बाजारवर मारा करत. त्याच पाण्यात आवटींची नौका होती. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. या कामगिरीसाठी आवटींना वीरचक्र मिळालं.

नंतर ते आपल्याच जिल्ह्यात, खडकवासल्याला एनडीएचे प्रमुख होते. शेवटी मुंबईत पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि 1983 ला निवृत्त झाले. त्यांच्या वेळी एनडीएत एकही मुलगी नव्हती. मुलींना तिथे प्रवेश मिळायला 2022 उजाडलं, तोही सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर. पहिल्या 17 मुली 30 मे 2025 ला तिथून बाहेर पडल्या.

खरं तर बढत्यांची यादी वाचून दाखवायला आम्ही आलो नव्हतो. आम्हाला आवडतं ते त्यांचं निवृत्तीनंतरचं वेड. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांनी मनात घेतलं. वय साठीच्या पुढे, मुक्काम विंचुर्णीत, जिथून समुद्र दिसणं शक्य नाही! नौदलाने अखेर मनावर घेतलं. गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, 56 फूट लांबीची. 19 ऑगस्ट 2009 ला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले, चार ठिकाणी थांबून मे 2010 मध्ये परतले. एकट्याने जगाला वळसा घालणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जाऊन आले.

आणि त्याच वाटेने बाया गेल्या. 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून 'तारिणी' निघाली. कप्तान वर्तिका जोशी आणि त्यांच्यासोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी, पायल गुप्ता. बोटीवर पुरुष एकही नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मग दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न. तिथल्या वाऱ्यालाटांना मोठमोठी जहाजं वचकून असतात. परतीच्या वाटेवर सुकाणूच बिघडलं, तर मॉरिशसला थांबून दुरुस्ती केली. 254 दिवसांत जवळजवळ 40 हजार किलोमीटर.

हे बैठकीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग स्वयंपाक कोण करायचं?" आम्ही सगळ्या हसलो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्या सगळ्यांच्या मनात तोच आधी येतो. उत्तर असं की पाळी लावून. रात्रीचा पहारासुद्धा पाळीनेच.

पुढे 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच अधिकारी याच 'तारिणी'तून जगाला फेरी मारून आल्या. तेवढं पाहायला मात्र आवटी नव्हते. सहाजणी 21 मे 2018 ला गोव्यात परतल्या, आणि त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला ते विंचुर्णीत गेले, वयाच्या 92 व्या वर्षी.

आता आपल्या कामाचं. एनडीएतून नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हे तिन्ही विषय लागतात. मुलींना फॉर्मची फी नाही. नववी-दहावीत असतानाच मुलीने गणित सोडू नये, एवढं घरात बघा.

त्या ताईंच्या घरातून अजून होकार आलेला नाही. फॉर्म मात्र लेकीने भरून ठेवलाय. पुढच्या बैठकीला आजींनाच घेऊन या, असा निरोप आम्ही धाडला आहे. 'तारिणी'चा फोटो मोठा छापून आणणार आहोत, आजींना चष्म्याविना दिसेल एवढा.