हौशी आणि धंदेवाईक : दोन आघाडीवीर



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस-महागाईवर बोलावे, फूटबॉलवर कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण आपल्या काळेवाडीतून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जाणारा माणूस जसे हातांचे श्रम विकतो, तसा खेळाडू पायांचे विकतो. ते त्याला उघडपणे विकता येतात की दुसऱ्याच नावाखाली द्यावे लागतात, एवढ्याच दृष्टीने मी दोन खेळाडूंकडे पाहणार आहे. एक हंगेरीचा, दुसरा आपल्या मुंबईचा.

फेरेन्स पुष्काश १९२७ साली बुडापेस्टला जन्मला. महायुद्धानंतर त्याचा किश्पेश्त क्लब संरक्षण खात्याने ताब्यात घेतला, त्याचे नाव होन्व्हेद ठेवले आणि खेळाडूंना लष्करी हुद्दे दिले. पुष्काश मेजर झाला तो असा. बंदुकीशी त्याचा संबंध कितपत आला असेल हे आपणच ओळखावे! कागदोपत्री तो हौशी राहिला, म्हणूनच १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खेळू शकला आणि हंगेरीने सुवर्णपदक नेले. पुढच्या वर्षी याच संघाने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असे हरवले. इंग्लंडचे खेळाडू उघड धंदेवाईक होते खरे, पण त्यांच्या पगाराला वरची मर्यादा होती. ती १९६१ साली उठली, आणि तीही त्यांच्या युनियनने संपाची तयारी केल्यावर.

हेलसिंकीत आपलाही संघ होता. बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या त्या संघाला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुऊन काढले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्यातल्या आसगावचा. मुंबईत तो टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळला. त्या काळी मुंबईचा फूटबॉल बराचसा अशा कंपनी-संघांवर उभा होता. खेळाडूचे नाव नोकर म्हणून मस्टरवर असायचे आणि मैदानावर तो हौशी गणला जायचा. या पद्धतीला ढोंग म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. पाय थकले तरी नोकरी राहते, घरची चूल पेटते, ही लहानसहान गोष्ट नव्हे. मात्र गोलाची किंमत कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेली नसे, आणि तिच्यासाठी भांडणारे खेळाडूच्या पाठीशी कोणी नसे.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली गाठ हंगेरीशीच पडायची होती. पण ऑक्टोबरात बुडापेस्टला उठाव झाला. आधी विद्यार्थी उठले, मागोमाग कारखान्याकारखान्यांतून कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. हंगेरीचा फूटबॉल संघ आलाच नाही. भारत न खेळता पुढे गेला.

१ डिसेंबरला गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी. नेव्हिलने नवव्या, तेहतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो आशियातला पहिला खेळाडू. भारत ४-२ असा जिंकून उपांत्य फेरीत गेला. तिथे समोर पुन्हा युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल पुन्हा नेव्हिलचा! चार वर्षांपूर्वी दहा गोल लादणाऱ्या संघापुढे आपण आघाडीवर होतो. काही मिनिटेच, पण होतो. मग चार गोल बसले, त्यांतला एक आपल्याच खेळाडूकडून. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा नेला. चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता.

त्याच सुमारास पुष्काश होन्व्हेदबरोबर परदेशात सामने खेळत होता. तो मायदेशी परतला नाही. त्याच्यावर बंदी आली. ती संपल्यावर १९५८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शरीर सुटलेले असताना रेआल माद्रिदने त्याला घेतले, आणि १९६० च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने चार गोल केले. आपल्या पायांचा उघड करार त्याला करता आला, पण त्यासाठी देश सोडावा लागला.

नेव्हिलला देश सोडायचे कारण नव्हते आणि देशात तसा करार करायला जागा नव्हती. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले. त्या यादीत त्याचे नाव लागले नाही. मार्च १९८० मध्ये, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. पुढच्या वर्षी पुष्काश पंचवीस वर्षांनी हंगेरीत परतला, आणि २००२ साली, त्याच्या हयातीतच, बुडापेस्टच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले.